पन्नास सेकंदांचं मिनिट

मुंबईकराचं मिनिट पन्नास सेकंदांचं असतं, असा शोध नंदा धुरीने लावला, आणि तो ज्याला ज्याला कळला त्याने मान डोलावून म्हटलं, "यात शोध कसला? मी तर कधीपासून सांगतोय." शोध आपल्या बाजूचा निघाला की लोकांना तो आपणच लावल्यासारखा वाटतो.

साल शहाऐंशी. नंदा अंधेरी पूर्वेला चकाल्याच्या एका चाळीत आईवडिलांबरोबर दोन खोल्यांत राहायची आणि विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्रात पीएच.डी. करायची. यातलं 'मानस' एवढंच चाळीला कळलं होतं. त्यामुळे कुणाकडे सासू-सुनेचं वाजलं की सुनेला नंदाकडे पाठवत आणि सासूला सांगत, "ती वेड्यांची डॉक्टर होणार आहे, जरा दमानं घ्या." आपण वेड्यांची नव्हे, चांगल्या शहाण्यांची मोजमापं घेतो, हे नंदाने पहिली दोन वर्षं समजावून पाहिलं. तिसऱ्या वर्षी ती निमूटपणे सुनांना चहा करून देऊ लागली.

तिचा प्रयोग अगदी साधा होता. माणसाला खुर्चीत बसवायचं आणि हातात एक बटण द्यायचं. "सुरू" म्हटलं की त्याने मनात अंदाज घ्यायचा आणि एक मिनिट झालं असं वाटलं की बटण दाबायचं. प्रत्यक्षात किती सेकंद गेले ते यंत्र सांगणार. कुणी चाळीस सेकंदांतच दाबतो, कुणी सत्तर झाले तरी छताकडे बघत बसतो. अशी पुष्कळ माणसं घेऊन सरासरी काढली की त्या लोकांच्या मनातलं मिनिट केवढं आहे ते कळतं. नंदाने अशी ऐंशी माणसं वडिलांच्या गावी, सावंतवाडीच्या बाजूला एका वाडीत, घेतली आणि ऐंशी अंधेरीतली. वाडीत वीज नव्हती, म्हणून तिथे तिने शाळेतल्या विद्याधर मास्तरांचं हातातलं स्टॉपवॉच उसनं घेतलं. ते पी.टी.चे मास्तर. मुलांच्या शर्यती मोजायला ते वापरत, आणि काम झाल्यावर ते त्यांना परत गेलं. अंधेरीकरांना मात्र तिने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेऊन खऱ्याखुऱ्या यंत्रावर बसवलं.

त्या यंत्राची ओळख करून द्यायला हवी. पितळी कडांची, काळ्या तबकडीची ती मोठी पेटी वीस वर्षांपूर्वी अमेरिकेहून विभागाला भेट आली होती. आल्याबरोबर तिच्यासाठी विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर बसवला, आणि तेव्हापासून ती एकदाही बिघडली नव्हती. विभागाचा शिपाई लवू तिला रोज मऊ फडक्याने पुसायचा, दसऱ्याला झेंडूची माळ घालायचा आणि पाठीमागच्या पितळी पट्टीवर कुंकवाचा टिळा लावायचा. समोरून लावला तर काटा दिसायचा नाही, म्हणून मागून. खोलीत एक नियम होता आणि तो कडक पाळला जाई: आत घड्याळ न्यायचं नाही. बसणाऱ्याने मनगट बघितलं तर प्रयोगाची वाट लागेल. म्हणून दारातच सगळ्यांची घड्याळं एका ताटलीत काढून ठेवली जात, आणि नंदा शिस्तीची, त्यामुळे तिचंही त्याच ताटलीत जाई.

आकडेमोड झाली तेव्हा वाडीतली सरासरी साठ निघाली आणि अंधेरीची पन्नास. नंदाचे गाईड डॉ. मार्तंड कर्णिक खुर्चीतून उठलेच. ते हुशार आणि प्रेमळ होते, फक्त तीस वर्षांत कुणी त्यांचं नाव छापलं नव्हतं. त्यांनी त्या दहा सेकंदांना 'नागरी कालसंकोच' असं नाव दिलं. शहर माणसाच्या आतलं घड्याळ पळवतं, माणूस गावाहून इथे येतो आणि त्याचं मिनिट आखडतं, असा त्याचा अर्थ. एका मराठी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सरांच्या फोटोसकट ते छापून आलं, आणि अंधेरीने ते डोक्यावर घेतलं. दूध उतू गेलं तर बायका म्हणत, "मिनिटच लहान गं आपलं." रिक्षावाले म्हणत, "साहब, अपना मिनट छोटा है, बैठो जल्दी." नंदाला रस्त्यात थांबवून लोक अभिनंदन करू लागले, आणि खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडलं.

फक्त एक माणूस खूश नव्हता, आणि तो तिच्याच घरात होता.

दशरथ धुरी चौदाव्या वर्षी मुंबईला आला आणि गिरणीत लागला. संपाने गिरणी गेली. वर्षभर तो खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता. मग अंधेरीतल्या स्टुडिओंच्या रस्त्यावर चंद्रप्रकाशशेठच्या फोटो लॅबमध्ये त्याला काम मिळालं. थिएटरबाहेर काचेत सिनेमाचे फोटो लावतात ना, त्यांच्या फिल्म्स तिथे धुवायच्या. काम पूर्ण काळोखात. फिल्म रसायनाच्या टाकीत बुडवायची आणि मोजून तेवढ्या मिनिटांनी काढायची. कमी ठेवली तर फिकी, जास्त ठेवली तर काळी. लॅबमधलं चकाकत्या काट्यांचं घड्याळ बिघडलं तेव्हा शेठने ते दुरुस्तच केलं नाही. दशरथचा अंदाज असताना घड्याळाची गरज नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पन्नाशीनंतर पुन्हा ताठ मानेने चालायला दशरथला हे एवढं वाक्य पुरलं होतं.

पुरवणी छापून आल्यावर आठवड्याने गावाहून त्याच्या चुलतभावाचं, धाकूचं पोस्टकार्ड आलं. "दशरथा, तुमचा मुंबैकारांचा मिनिट कापला असा पेपरात इला हा. आमचा पुरा साठाचा हा. गावाक येशीत तेवा उरलेले धा सेकंद घेवन जा." नंदा वाचून खो-खो हसली. दशरथने कार्ड घडी घालून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी भाकरी अर्धी टाकून तो पानावरून उठला. माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या ते लक्षातही आलं नाही.

प्रबंध तीस जूनला द्यायचा होता. त्याच दिवशी नंदाच्या नोंदणीची मुदत संपत होती, आणि आधीच दोनदा वाढवून झाल्यामुळे तिसरी वाढ मिळणार नव्हती. मेच्या अखेरीस टायपिस्टकडून दोनशे चाळीस पानं आली. आता फक्त बांधणी बाकी होती. आणि नेमकं तेव्हाच दशरथने काढलं, "माका तुझा मशीन बघूचा हा."

घरच्या माणसांवर प्रयोग करायचा नसतो, पण प्रयोग तर संपला होता. शनिवारी ती त्याला घेऊन गेली. लवूने आदराने दार उघडलं, दशरथने मनगटावरचं घड्याळ ताटलीत ठेवलं आणि खुर्चीत देवळात बसावं तसा बसला.

"सुरू," नंदा म्हणाली.

त्याने डोळे मिटले. ओठ किंचित हलत होते. मग बटण दाबलं. काटा पन्नासावर होता.

"बघा! तुम्हीपण मुंबईकर!" नंदाने टाळी वाजवली.

"परत," दशरथ म्हणाला.

पुन्हा पन्नास. तिसऱ्यांदा पन्नास. ऐंशी माणसांत इतका नेमका आकडा नंदाला कुणी दिला नव्हता. लोकांचं एकदा चव्वेचाळीस येई, एकदा सत्तावन्न. ती कौतुकाने काही बोलणार तोच दशरथ उठून उभा राहिला.

"तुझा मशीन खोटा बोलता."

"बाबा, मशीन कशाला खोटं बोलेल? अमेरिकेचं आहे."

"माझा मिनिट साठाचा हा. पन्नासाचा आसता तर शेट माका येक दिस तरी कामार ठेवतलो काय? सगळे फोटो फिके येतले."

"अहो, तुम्ही तिथे सवयीने भरपाई करत असाल," असं काहीतरी शास्त्रीय नंदा म्हणाली. दशरथने तिच्याकडे पाहिलं. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लागलं होतं.

"गावाक गेलव की मुंबैकार म्हणतत. हय कोकणे म्हणतत. रवला होता ता येक मिनिट, ताय तू काढून घेतलंस." एवढं बोलून त्याने घड्याळ उचललं आणि तो बस स्टॉपकडे चालू लागला.

घरी दोघं दोन खोल्यांत बसली. आई, जानकी, भाकऱ्या थापत होती. तिने हातातली भाकरी पुरी थापली आणि मग परात बाजूला केली.

"बापूस-चेडवान तोंडा फुगवल्यानी, आणि मी भाकरी कोणाक वाढू? घड्याळ हय हा, बापूस हय हा. हयच मोज मगे!"

कंटाळून नंदाने हातातलं घड्याळ काढलं. दशरथने भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. "झाला," तो म्हणाला तेव्हा सेकंदकाटा बरोबर फिरून जागेवर आला होता. साठ. दुसऱ्यांदा साठ. तिसऱ्यांदा एकसष्ट, तेही मध्येच जानकीला शिंक आली म्हणून.

नंदाने घड्याळ कानाला लावून पाहिलं. माणूस तोच, दिवसही तोच. घरी साठ आणि विद्यापीठात पन्नास. आणि दोन्हीकडे इतका नेमका की माणसाकडे बोट दाखवायला जागाच नव्हती.

"बाबा, तुम्ही मोजता कसं?" तिने विचारलं. तीन वर्षांत हा प्रश्न तिने एकालाही विचारला नव्हता. शास्त्रात आकडे बोलतात, माणसांनी गप्प बसायचं असतं.

दशरथ जरा लाजला. "मनात चलतंय," तो म्हणाला. "आमच्या घराकडना रवळनाथाच्या देवळापर्यंत. वाटेर येक येक घर लागता. धाकूचा, मग गुरवाचा, मग सुताराचा. परत्येकाच्या खळ्यात हाक मारतंय नि फुडे जातंय. देवळाच्या पायरेर पाय ठेवलंय की साठ झाले. लॅबचा घड्याळ बिघडूच्या आदी पडताळून बघितलंय. दोन घरा आता पडली, पण मी ती पण घेतंय."

सोमवारी सकाळी नंदा प्रयोगशाळेत शिरली ती घड्याळ मनगटावर ठेवूनच. लवू दचकला. "ताई, ताटली!" तिने ऐकलं न ऐकलंसं करून यंत्र सुरू केलं. काटा साठावर पोचला तेव्हा तिच्या घड्याळात बहात्तर सेकंद झाले होते. तिने पुन्हा केलं. लवूचं घड्याळ घेऊन केलं. लवू नको नको म्हणत असताना शेजारच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून आणलं. बहात्तर, बहात्तर, बहात्तर.

चाळीत त्यांच्या शेजारी सहदेव राहायचा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे त्यांना नव्या तारेचे वेढे घालायचं, छोटं वर्कशॉप होतं. नंदा त्याला दुपारी धरूनच घेऊन आली. त्याने पेटीभोवती एक फेरी मारली, ट्रान्सफॉर्मर पाहिला, मागे वाकला आणि म्हणाला, "इथे काय लिहिलंय? कुंकवाचा थर चढलाय यार."

वीस दसऱ्यांचं कुंकू होतं ते. लवूने मान खाली घातली. सहदेवने नखाने खरवडलं, आणि पितळेवर अक्षरं उमटली: एकशे पंधरा व्होल्ट, साठ सायकल.

"झकास," सहदेव म्हणाला. "व्होल्टेजचा बंदोबस्त केलात तुम्ही. सायकलचा कोणी केला? वीज सेकंदाला किती हेलकावे घेते, ती सायकल. अमेरिकेची लाइन साठची, आपली पन्नासची. ही मोटार लाइनच्या तालावर फिरते. साठच्या जागी पन्नास मिळाले तर काटा तेवढाच हळू जाणार ना! बिघडलेलं काही नाहीये. परदेशी माणूस आहे, त्याला आपला ताल कळत नाही, बस."

सहदेव हसला. नंदाला हसू आलं नाही. तिने वहीच्या मागे, काट्याचे साठ म्हणजे खरे बहात्तर या हिशेबाने, गुणाकार केला आणि अंधेरीची सरासरी साठ निघाली. वाडीची साठ होतीच, कारण तिथे वीज नव्हती आणि मास्तरांचं चावीचं स्टॉपवॉच होतं. म्हणजे नागरी कालसंकोच नव्हता. पुरवणी, रिक्षावाले, दोनशे चाळीस पानं, सगळं एका मोटारीने फिरवलं होतं, आणि तीस जूनला अठ्ठावीस दिवस उरले होते.

या जागी नंदाच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिच्या मनात आलं की ही गोष्ट फक्त सहदेवला, लवूला आणि आपल्याला ठाऊक आहे. सहदेव पीएच.डी.चे प्रबंध वाचत नाही. लवू आपल्या कुंकवाबद्दल तोंड उघडणार नाही. प्रबंध बांधायला टाकला की वर्षभरात नावामागे डॉक्टर लागेल. हा विचार तिने, सहदेवला पोचवून परत येताना, विद्यापीठाच्या फाटकापासून कर्णिकसरांच्या खोलीपर्यंत केला, म्हणजे साधारण चार मिनिटं, आणि मग दार ढकललं.

कर्णिकसरांनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच, सर."

सरांनी खणातून पुरवणीचं कात्रण काढलं. नंदाला वाटलं, आता ते म्हणतील की राहू दे. ते तसं म्हणाले असते तर आपण काय केलं असतं, हे तिला पुढे कधीच खात्रीने सांगता आलं नाही.

"तीस वर्षांत एकदा पेपरात फोटो आला," सर अखेर म्हणाले, "तोही कुंकवामुळे." आणि ते जे हसायला लागले ते थांबेचनात. लवू धावत पाणी घेऊन आला. त्याला बघून सर आणखीच हसले.

"सर, माझी डॉक्टरेट जाईल का?"

सरांचं हसू थांबलं. "जाऊ शकते. 'फरक नाही' असा निष्कर्ष परीक्षकांना आवडत नाही. त्यांना वाटतं, मग केलंस काय? आणि गुणाकार करून आकडे दुरुस्त केलेस तर त्यांचा विश्वास बसणार नाही. पुन्हा मोजावं लागेल, हातातल्या घड्याळाने, वाडीत मोजलंस तसंच. किती माणसं जमतील?"

"चाळीस."

"मग इथे काय करतेयस? पळ."

पुढचे अठरा दिवस नंदा खरोखरच पळाली. नवं स्टॉपवॉच घेतलं आणि चाळीत, वसाहतीतल्या कारखान्यांच्या जेवणाच्या सुटीत, पश्चिमेला वर्सोव्याच्या कोळीवाड्यापर्यंत जो भेटेल त्याचं मिनिट मोजलं. लोकांना वाईट वाटलं. छोट्या मिनिटाचा त्यांना लळा लागला होता. "म्हणजे आता दूध का उतू जातं, त्याला काही कारणच नाही का?" शेजारच्या विमलाताईंनी दुखावून विचारलं. पण मोजायला बसायला कुणी नाही म्हटलं नाही. आपल्या नंदाची वाट लागतेय एवढं कळल्यावर चाळीतली माणसं रांग लावून आली. कुणी कुणाला खुणा करू नये म्हणून जानकी लाटणं घेऊन दारात उभी राहिली.

या वेळी नंदाने प्रत्येकाला तो दुसरा प्रश्नही विचारला, मोजता कसं? आणि काय काय निघालं! वर्सोव्याची मालन कोळीण मनातल्या मनात काठीवर बोंबील अडकवत होती, एकेक जोडी. विमलाताई कऱ्हाडच्या माहेरच्या विहिरीचा रहाट ओढत होत्या. पोस्टातले एक कारकून पत्रांवर शिक्के मारत होते. सहदेव तारेचे वेढे घेत होता. बहुतेकांनी आधी "असाच अंदाज" म्हटलं आणि मग, आपलं काहीतरी खाजगी उघडं पडतंय अशा चेहऱ्याने, खरं सांगितलं. नंदाने ते सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि त्याचं सहावं प्रकरण केलं. ते शास्त्रात बसतं की नाही याची कर्णिकसरांनाही खात्री नव्हती. पण हातात दुसरं काही नव्हतं. तीस जूनला साडेचार वाजता, ओली शाई सांभाळत, तिने प्रबंध विद्यापीठाच्या कचेरीच्या खिडकीतून आत दिला.

तोंडी परीक्षा पुढच्या फेब्रुवारीत झाली. बाहेरच्या परीक्षक पुण्याच्या डॉ. वसुधा आगाशे. त्यांच्या हाताखालून पास झालेले लोकही त्यांचं नाव काढलं की सरळ बसत. परीक्षा खुली होती, कुणीही येऊन बसावं आणि वाटल्यास प्रश्न विचारावा. एरवी अशा वेळी चार विद्यार्थी आणि पंखा एवढेच हजर असतात. त्या दिवशी चकाल्याची अर्धी चाळ आली होती. दशरथ इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसला होता, जानकी नऊवारीत, आणि शेजारी सहदेव.

वसुधाबाईंनी प्रबंध मिटला आणि मराठीतच विचारलं. "तीन वर्षं, दोनशे माणसं. निष्कर्ष काय, तर शहर आणि खेडं यांत फरक नाही. मग हा प्रबंध कशासाठी, कुमारी धुरी?"

नंदाने याचं इंग्रजी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. ते पार उडालं.

"बाई, फरक नाही हे तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला ते दिसलं नाही, कारण मला फरक हवा होता. सगळ्यांनाच हवा होता. इतका हवा होता की त्या खोलीत एकदा घड्याळ नेऊन बघावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. मी यंत्रावर विश्वास ठेवला आणि माणसांना काही विचारलंच नाही. विचारल्यावर कळलं, की इथे येऊन माणसाचं काम बदलतं, बोलणं बदलतं. आतलं मोजायचं माप मात्र तो बरोबर घेऊन येतो. एवढंच लिहिलंय. कमी वाटत असेल तर कमी आहे."

कर्णिकसर पंख्याकडे बघत होते. वसुधाबाईंनी सहावं प्रकरण उघडलं, दोन पानं उलटली, एका जागी बोट ठेवून वाचलं आणि त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. बोंबलाचं पान असावं. मग त्यांनी नेहमीच्या कोरड्या आवाजात सभागृहाला विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. दशरथ उभा राहिला. जानकीने त्याचा सदरा धरून खाली ओढला, पण तो बसला नाही.

"माका विंग्रजी येना नाय," तो वसुधाबाईंना म्हणाला. मग मुलीकडे वळला. "नंदा, येकच इचारतंय. गावात रवलो त्याचा मिनिट आणि हय इलो त्याचा मिनिट, दोनय सारखे. आमी बदललव नाय. असाच लिवलंस मा तू, ह्या पुस्तकात?"

"हो, बाबा. असंच लिहिलंय."

"छापून?"

"छापून."

दशरथ तसाच उभा राहिला, दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला सुचलं नाही.

वसुधाबाईंनी पेनचं टोपण काढलं. समोरच्या कागदावर सही केली, तारीख घातली, कागद कर्णिकसरांकडे सरकवला आणि चष्म्यावरून नंदाकडे पाहिलं.

"डॉक्टर धुरी," त्या म्हणाल्या, "आपल्या वडिलांना बसायला सांगा. ते अजून उभेच आहेत."